कातळावरच्या खुणा आणि आपली वही

आजच्या भागात आपण जुन्या काळाविषयी बोलणार आहोत. जुना म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या वेळचा नव्हे, त्याच्याही कितीतरी मागचा. लिहायला अक्षर नव्हतं, नांगर नव्हता, ज्वारी-बाजरी नव्हती, अशा काळातल्या माणसांनी कातळावर कोरून ठेवलेल्या खुणांविषयी. पण सुरुवात आपल्या शिवारातल्या एका दगडापासून करू. तो दगड आता जाग्यावर नाही, म्हणून त्याच्यापासून.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगर आहे. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचे डोंगर कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. खालून उघडेबोडके दिसतात, पण घळीत शिरलं की खैर, धावडा, बोर, सीताफळ यांची झाडी लागते. त्या झाडीत उतारावर एक काळा कातळ बाहेर आला होता, बैलगाडीएवढा. त्यावर वाटीएवढे खळगे होते. खालच्या बाजूला दोन रांगांत सात-सात, आणि वरच्या अंगाला काही विस्कळीत, लहान-मोठे. सरपणाला जाताना आम्ही सगळ्याजणी त्यावर भारा टेकवून दम खायचो. पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साचायचं, शेळ्या प्यायच्या. कुणी म्हणायचं पांडवांनी एका रात्रीत केलं, कुणी म्हणायचं गुराख्यांचा उद्योग.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या खडीसाठी त्या उताराचे दगड फोडले गेले, त्यात तोही गेला. कुणी मुद्दाम केलं नाही. फोडणाऱ्याला तो दगडच दिसला, आणि आम्हीही त्याला कधी काही वेगळं सांगितलं नव्हतं. मग रेडिओच्या एका कार्यक्रमासाठी जुन्या खुणांचा विषय निघाला तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलं, त्या दगडाचा फोटो कुणाकडे आहे का? प्रत्येकीच्या हातात फोन आहे. लग्नाचे, बारशाचे, जेवणाच्या ताटाचे फोटो आहेत. दगडाचा एकही नाही. खळगे किती होते, यावरही आमचं एकमत होईना. एक म्हणाली बावीस, दुसरी म्हणाली तीस.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण घाट उतरला की सापडतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल सपाट तांबडा कातळ पसरलेला आहे. कोकणातली माणसं त्याला सडा म्हणतात. दगड जांभा. या सड्यांवर हत्ती, वाघ, हरणं, मासे, कासवं, माणसं आणि चौकोनी, गोल, नागमोडी आकृत्या कोरलेल्या आहेत. त्यांना कातळशिल्पं म्हणतात. अशी हजाराहून जास्त शिल्पं आता नोंदवली गेली आहेत.

ही नोंद कशी झाली, ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या दोघांनी काही वर्षांपूर्वी सडे पालथे घालायला सुरुवात केली. सुरेंद्र ठाकूरदेसाई हे प्राध्यापकही त्यांच्याबरोबर होते. रिसबूड पेशाने इंजिनियर, पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हेत. पक्षी बघायला, निसर्ग बघायला फिरणारी ही माणसं. काही गावांत या आकृत्या लोकांना माहीत होत्या, कुठे त्यांची पूजाही होत होती. पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मग या मंडळींनी गुराख्यांना विचारलं, शेतकऱ्यांना विचारलं. शाळेत जाऊन मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं आहेत का. मुलांनी विचारलं, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, आणि एकेका गावाचं नाव यादीत चढत गेलं. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पं सतीश लळीत यांनी अभ्यासकांपुढे आणली. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे शंभराहून जास्त आकृत्या आहेत. तिथेही १९९३ साली आधी गावकऱ्यांनी सांगितलं, मग अभ्यासक पोचले.

म्हणजे बघा, शोध लागला असं आपण म्हणतो, पण गावातल्या माणसाला ते माहीत होतंच. विचारणारं कुणी आलं नव्हतं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बाराजणी ही शिल्पं बघायला गेलो. कराडवरून मलकापूर, आंबा घाट, आणि खाली रत्नागिरी. राजापूर तालुक्यात कशेळी नावाचं गाव आहे, तिथल्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. सुमारे साठ फूट लांब आणि चाळीस-बेचाळीस फूट रुंद. आपल्या गावच्या समाजमंदिराएवढा. इतका मोठा की उभं राहून तो दिसतच नाही. नुसत्या रेघा दिसतात, इकडे एक, तिकडे एक. आमच्यातली एक म्हणाली, कुठाय हत्ती? मग आम्ही चपला काढल्या आणि रेघेच्या बाहेरून, रेघेवर पाय न देता, तिच्या कडेकडेने चालत गेलो. पाय, पोट, मग सोंड. फिरून पुन्हा पहिल्या जागी आलो तेव्हा कळलं की आपण एका हत्तीला प्रदक्षिणा घातली. आणि त्या हत्तीच्या अंगातच आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, मासे आहेत, हरणं आहेत.

मनात पहिला प्रश्न आला, हे केलं कसं असेल? त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. तुमच्यापैकी ज्या चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना आठवत असेल, जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडायचं नाही. मग दारावर हाळी यायची, जात्याला टाकी लावा, पाट्याला टाकी लावा. वडाराची बाई यायची, छिन्नी आणि हातोडी घेऊन बसायची, आणि टकटक टकटक करत जात्याच्या तळीला बारीक टाके पाडायची. एका ठोक्याने काही होत नाही. ठिपक्याला ठिपका लागतो, तेव्हा रेघ होते. कातळशिल्पांची रेघ अशीच झालेली आहे. फरक इतकाच की त्या माणसांकडे लोखंडाची छिन्नी नव्हती. दगडानेच दगड टोचायचा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो, हे चिरे काढणाऱ्याला विचारा. सड्याचा वरचा थर तर वर्षानुवर्षं ऊन-वारा खाऊन टणक झालेला. त्यावर साठ फुटांचा हत्ती काढायचा म्हणजे किती हात आणि किती दिवस लागले असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरा प्रश्न, हे कधीचं? इथे जरा काळाची शिडी मांडू. एका पिढीला पंचवीस वर्षं धरा. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ साली, म्हणजे आपल्यापासून चौदा पिढ्या मागे. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी साधारण दोन हजार वर्षांची, म्हणजे ऐंशी पिढ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं खोदकाम केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, कणग्या सापडल्या. हे झाले एकशे चाळीस-पंचेचाळीस पिढ्यांमागचे आपले शेतकरी भाऊबंद. कोकणातली शिल्पं त्यांच्याही मागे जातात असं अभ्यासकांना वाटतं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये यातली सर्वांत जुनी शिल्पं सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज सांगितला होता. म्हणजे जवळजवळ पाचशे पिढ्या.

हा अंदाज कशावरून? एक कारण तर आपल्याला लगेच पटेल असं आहे. या चित्रांत शिकार आहे, जनावरं आहेत, समुद्रातले मासे आहेत. पण शेती कुठेच नाही. नांगर नाही, जू घातलेले बैल नाहीत, कणीस नाही. आपण रांगोळी काढतो तर गाईची पावलं काढतो, तुळस काढतो, रोज जे डोळ्यांपुढे असतं तेच हातातून उतरतं. त्या माणसांच्या हातातून नांगर उतरला नाही, कारण तो त्यांनी पाहिला नव्हता. दुसरं कारण, काही चित्रांत गेंड्यासारखे आणि पाणघोड्यासारखे प्राणी ओळखू येतात, आणि ते आज कोकणात कुठेच नाहीत. तरीही सगळी शिल्पं एकाच काळातली आहेत असं नाही. दगडावरच्या कोरीव रेघेचं वय थेट मोजायला फार अवघड असतं. लाकूड किंवा हाड सापडलं तर प्रयोगशाळेत त्याचं वय काढता येतं, रेघेत असं काही उरत नाही. म्हणून आसपास काय सापडतं ते महत्त्वाचं. सिंधुदुर्गात कोळोशी इथल्या गुहेत पुरातत्त्व विभागाने खोदकाम केलं आणि तिथे दगडी हत्यारं मिळाली, ती याच कारणासाठी मोलाची.

ती माणसं शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगत होती, असं आपण म्हणतो. यात शिकारीचंच नाव आधी येतं. पण कंदमुळं, करवंदं, पालेभाजी, मध, खेकडे, कालवं यांच्यावरच रोजचं पोट चालणार. जगात जिथे जिथे अशी रानावर जगणारी माणसं अजून आहेत तिथे गोळा करण्याचं काम बहुतेक बायकाच करतात, मुलं बरोबर घेऊन. कातळ कुणी कोरला याला पुरावा नाही. बायकांनी कोरला नाही याचाही पुरावा नाही. मग चित्रातला माणूस पाहिला की तो बाप्याच, असं आपणच का धरून चालतो?

आता तुम्ही म्हणाल, ते कोकणातलं झालं, आपल्याकडे काय? आपला सातारा-सांगलीचा दगड काळा, बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वितळलेला लाव्हा वर आला आणि थरावर थर साचून आपले डोंगर झाले. पण महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, इथे वरती जांभाच आहे. कोकणातल्या सड्याचाच सख्खा भाऊ. तेव्हा सह्याद्रीच्या या बाजूला बघायचंच नाही, असं कारण काही नाही. आणि काळ्या दगडावरही कोरतात. सांगलीहून खाली कर्नाटकात उतरलं की बळ्ळारीजवळ कुपगल नावाची टेकडी आहे. तिथल्या काळ्या शिळांवर नवाश्मयुगातल्या गुरं पाळणाऱ्या लोकांनी लांब शिंगांचे बैल कोरलेत. काही शिळांवर दगड मारला की घंटेसारखा आवाज येतो, आणि वर्षानुवर्षं मारून मारून तिथे खळगे पडलेत. त्या टेकडीलाही दगडखाणीने धोका झाला होता, आणि अभ्यासकांना तिथे खाणीच्या आधी पोचायची घाई करावी लागली.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट आम्ही चुकत चुकत शिकलो. दगडावरचा प्रत्येक खळगा आदिमानवाचा नसतो. आपल्या फुटलेल्या दगडाविषयी आम्ही धनगरवाड्यावरच्या एका आजींना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, त्या खालच्या दोन रांगांत आम्ही चिंचोके खेळायचो. सात तुझे, सात माझे.’ हा खळग्यांचा खेळ दक्षिणेकडे आजही लाकडी पाटावर खेळतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि आपल्या कितीतरी किल्ल्यांवर असे खळग्यांचे, नवकंकरीचे, वाघबकरीचे पट कोरलेले आहेत. पहारेकरी, वाटसरू, गुराखी बसल्या बसल्या खेळायचे. म्हणजे खालच्या दोन रांगांचा उलगडा आजींच्या एका वाक्यात झाला. वरच्या विस्कळीत खळग्यांचं काय? आजी म्हणाल्या, ‘ते आमच्या आधीपासनं व्हते. त्यात आम्ही नाय खेळलो.’ ते काय होतं ते आता कधीच कळणार नाही. तेच आम्हाला लागून राहिलं आहे.

तेव्हा ओळखायचं कसं, ते सांगतो. खळगे तीन तऱ्हेचे. पहिले निसर्गाचे. काळ्या दगडात लाव्हा थंड होताना हवेचे बुडबुडे अडकतात, त्याची भोकं राहतात. पाण्याच्या धारेत गोटा गरगर फिरून रांजणखळगे होतात. दगडाचे पापुद्रे सुटूनही गोल आकार दिसतात. दुसरे कामाचे आणि खेळाचे. धान्य कांडायचं उखळ खोल असतं आणि आतून गुळगुळीत असतं. मांडवाच्या खांबाची भोकं सरळ खाली जातात. खेळाच्या पटाला रांगा असतात, मोजणी असते. तिसरे ज्यांचं कारण लागत नाही ते. त्यांच्या आत बारीक टोचल्याच्या खुणा दिसतात का ते बघायचं. आणि आतला रंग बघायचा. दगड नवा फोडला की आतून वेगळाच, ताजा दिसतो, आणि जुना झाला की त्यावर कळकट साय धरते. खळग्याच्या आत आणि बाहेर सारखीच साय असेल तर काम जुनं आहे. किती जुनं ते मात्र तज्ज्ञाने सांगायचं, आपण नाही.

आपलं काम नोंद करण्याचं. ते साधं आहे, आणि ज्या बाईला बचतगटाचं रजिस्टर लिहिता येतं तिला हे येतं. आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. एका दगडाला एक पान. वर तारीख, गावाचं नाव, शिवाराचं नाव. शिवाराचं नाव आपण जे बोलतो तेच लिहायचं, बामणाचा माळ, भुताचा ओढा, जे असेल ते. गट नंबर माहीत असेल तर तोही. मग दगडापर्यंत कसं जायचं, कोणत्या झाडापासून, कोणत्या विहिरीपासून किती पावलं. फोनमध्ये नकाशा उघडला की जागेचे आकडे दिसतात, ते उतरवून घ्यायचे. मग दगडाची लांबी-रुंदी, खळगे किंवा रेघा किती, सगळ्यांत मोठ्याची रुंदी आणि खोली. शिवणकामाची टेप घरोघरी असते, ती घेऊन जायची. हाताने एक कच्चं चित्र काढायचं आणि उत्तर कुठे ते बाणाने दाखवायचं. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. चित्र काढायला बसलं की डोळा दगडावर थांबतो, आणि आधी न दिसलेल्या दोन रेघा दिसतात, हा आमचा अनुभव.

फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर काढायचे. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली पडत नाही आणि खोल रेघही सपाट दिसते. तिरपं ऊन आलं की तीच रेघ उठून दिसते. प्रत्येक फोटोत टेप किंवा पट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. एक फोटो लांबून झाडांसकट, एक पूर्ण दगडाचा, मग एकेका खुणेचा. आणि सगळ्यांत शेवटी पण सगळ्यांत महत्त्वाचं, त्या दगडाविषयी गावातली वयस्कर माणसं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. ‘पांडवांनी केलं’ असं म्हणाल्या तर तसंच लिहायचं, हसायचं नाही.

काय करायचं नाही, तेही नीट ऐका. तारेचा ब्रश लावून घासायचं नाही. दगडावरची शेवाळाची, दगडफुलाची बुरशी खरवडायची नाही, तिच्याबरोबर दगडाची वरची साय निघते. रेघ दिसावी म्हणून खडू, चुना, रंग भरायचा नाही. तेल ओतायचं नाही, शेंदूर लावायचा नाही. आपल्याला वाटतं आपण मान देतो, पण शेंदराचे थर चढले की खालची खूण कायमची झाकली जाते. सुकलेला पालापाचोळा हाताने बाजूला केला तर हरकत नाही, पण माती खणायची नाही. मातीत काय कुठल्या थरात आहे हाच तज्ज्ञांचा पुरावा असतो, तो आपण उकरला तर वाचता येत नाही.

खणण्यावरून आणखी एक सांगायलाच हवं. कोरीव दगड दिसला की त्याखाली गुप्तधन आहे, अशी आवई उठते. किती वीरगळ, किती मूर्ती या हव्यासापायी रात्रीत उलथल्या गेल्या! मैत्रिणींनो, अक्षर आणि नाणं दोन्ही ठाऊक नसलेल्या माणसांनी दगडाखाली सोन्याचा हंडा कुठून पुरणार? आणि गुप्तधनाच्या नादात करणी, भानामती, बळी असले अघोरी प्रकार कुणी केले तर तो जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हा कायदा २०१३ साली झाला. त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. तेव्हा असली कुजबुज कानावर आली तर गप्प बसायचं नाही, पोलीसपाटलांना सांगायचं.

नोंद केल्यावर पुढे काय? त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची आणि पोच घ्यायची. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवायची. महाराष्ट्रात प्राचीन स्मारकं आणि अवशेष जपण्यासाठी १९६० चा कायदा आहे. पण कायद्याचं संरक्षण मिळायला ती जागा आधी सरकारदरबारी माहीत असावी लागते. ज्याच्या रानात दगड आहे त्याला आधी विश्वासात घ्यायचं. ही आमच्या मते निम्मी लढाई. शेतकऱ्याला भीती असते की सरकार जमीन घेईल, म्हणून तो खूण लपवतो किंवा फोडून टाकतो. कोकणातही बरीच शिल्पं खासगी जमिनीत आहेत. तिथे काही जमीनमालकांनी स्वतःहून भोवती चिऱ्यांचा गडगा घातला आहे. रत्नागिरीजवळच्या उक्षी गावाने तर आपल्या हत्तीभोवती संरक्षण करून बघायला येणाऱ्यांची सोय केली. गावाने मनावर घेतलं की दगड टिकतो.

२०२२ साली कोकणातल्या नऊ जागांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, कुडोपी, आणि गोव्यातलं पानसायमळ, ज्याला उसगाळीमळ असंही म्हणतात. ही यादी म्हणजे शेवट नव्हे. त्यातल्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा घाट घातला गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध करताना गावच्या बायका रस्त्यावर आडव्या पडल्याचं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. प्रकल्प हवा की नको, यावर माणसांची मतं वेगळी असतील. पण तिथे कातळशिल्पं आहेत हा मुद्दा वादात मांडता आला, कारण त्यांची नोंद आधी झालेली होती. आमच्या डोंगरावरच्या दगडासाठी असं बोलायला आमच्याकडे एक कागद नव्हता.

बाहेरच्या जगातलीही दोन उदाहरणं सांगतो. १८७९ साली स्पेन देशात आल्तामिरा नावाच्या गुहेत एक गृहस्थ जुनी हत्यारं शोधायला गेले. त्यांचे डोळे जमिनीकडे. बरोबर आठ वर्षांची मुलगी होती, मारिया. तिने वर पाहिलं आणि ओरडली, बाबा, बैल! छतावर रानगव्यांची रंगीत चित्रं होती, हजारो वर्षांपूर्वीची. मोठमोठ्या विद्वानांनी त्या बापाला खोटं ठरवलं. त्यांनी आपली चूक कबूल केली १९०२ मध्ये, तोवर तो बिचारा वारला होता. दुसरं उदाहरण अलीकडचं, स्कॉटलंडचं. तिथे डोंगरउतारांवर, झाडीत, अगदी आपल्या दगडासारखेच वाटीएवढे खळगे आणि त्याभोवती गोल रेघा कोरलेले कातळ आहेत, चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे. २०१७ ते २०२१ या काळात तिथे गावोगावच्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून अशा कातळांची नोंद करवून घेतली. निवृत्त शिक्षक, गृहिणी, शेतकरी पावसाचे कोट घालून टेप आणि कॅमेरा घेऊन गेले आणि हजाराहून जास्त दगड लिहून काढले. त्यांनाही खळग्यांचा अर्थ लागलेला नाही. पण दगड कुठे आहे, कसा आहे, हे आता कागदावर आहे. अर्थ लावणारी पोरगी उद्या जन्माला येईल, तिला बघायला काहीतरी उरलं पाहिजे.

आमच्या वहीत आजवर अकरा पानं भरली आहेत. त्यातले तीन दगड उखळाचे निघाले, दोन नवकंकरीचे, एक निव्वळ निसर्गाचा. चार वीरगळ आहेत, त्यातला एक गुरांच्या गोठ्यात पायरी म्हणून लावलेला होता, तो मालकिणीने स्वतः काढून सावलीत उभा केला. आदिमानवाचं म्हणावं असं काही सापडलेलं नाही, आणि सापडलं असं सांगायची घाईही आम्हाला नाही. अकरावं पान त्या फुटलेल्या दगडाचं. त्यावर फोटो नाही, मापं नाहीत. आजींनी सांगितलेलं वाक्य आहे आणि आमच्या आठवणीतलं एक चित्र आहे. खळग्यांच्या आकड्यापुढे आम्ही लिहिलं आहे, ‘बावीस ते तीस’.

तेव्हा येत्या महिन्यात, पेरणीच्या घाईआधी, तुमच्या गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. सगळ्यांत वयस्कर बाईला आधी बोलू द्या. ती शेळ्या घेऊन कुठे जायची, कुठल्या दगडावर बसायची, त्यावर काय होतं, ते विचारा. मग दोघी-तिघी मिळून जा, एकटीने जाऊ नका, पाण्याची बाटली आणि टेप बरोबर घ्या. उन्हाळ्यात विंचू-सापाचं भान ठेवा, कपारीत हात घालू नका. आणि जे लिहाल त्याची एक प्रत आम्हालाही पाठवा, पुढच्या भागात तुमच्या गावाचं नाव घेऊन वाचून दाखवू.

भेटू पुढच्या बुधवारी. रामराम.